गवत कुठलं, धान्य कुठलं

वडोदरा, रविवार

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कविता, चित्र, इतिहास यांवरचे चिंतनपर निबंध वाचताना तू अगदी गुंगून जातोस, पण पुस्तक मिटलं की लेखकाने नेमकं काय म्हटलं ते सांगता येत नाही. मग हा नुसता वेळ दवडणं आहे का, असं विचारलं आहेस.

मला नाही तसं वाटत. झटकन सांगता येतं ते बहुधा गाइडातही मिळतं. निबंधाची ओढ असते ती एक माणूस आपल्यासमोर विचार करतोय, मध्येच अडखळतोय, म्हटलेलं मागे घेतोय, हे बघण्यात. गवयाचा रियाज दाराआडून ऐकावा तसं.

‘पानिपत’ हा शब्दच घे. १४ जानेवारी १७६१ला काय झालं, ते शाळेत शिकलास. आपले दमाजीराव गायकवाड त्या रणातून जिवंत परतले, हेही तुला ठाऊक असेल. दहाच वर्षांनी, १७७१मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. तरी परीक्षेत नापास झालेलं पोर आजही ‘पानिपत झालं’ असंच म्हणतं. पराभव भाषेत घर करून राहिला आणि सावरणं राहिलं नाही, असं का? सनावळीत याचं उत्तर नाही. निबंध सुरू होतो तो इथे. उत्तर देईलच असं नाही, पण त्यानंतर तो शब्द तुला पूर्वीसारखा सहज वापरता येणार नाही.

आता धोका सांगते. आपल्या बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचं पहिलं पुष्प १९१६ साली निघालं, ते म्हणजे राजशेखराची काव्यमीमांसा. हजारेक वर्षांपूर्वीचा हा पंडित लिहिणाऱ्याची प्रतिभा वेगळी मानतो आणि आस्वाद घेणाऱ्याची वेगळी. वाचणाऱ्यालाही प्रतिभा लागते, हे मला फार आवडतं. पुढे तो रसिकांचे चार प्रकार करतो. अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. मत्सरी तर तुला कॉलेजात भेटतीलच. तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे खरा मर्मज्ञ, हजारात एखादाच. आणि सतृणाभ्यवहारी, म्हणजे धान्याबरोबर गवतही खाणारा!

विशीत मी ही चौथी होते. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, १९३९ ते १९४६ या काळात केलेली. ती पाहायला गेले, पण आधी त्यांच्यावरचा एक भारदस्त लेख वाचून. तासभर गंगावतरणासमोर उभी होते आणि दिसत काय होतं, तर लेखातली वाक्यं. ‘लय’, ‘अवकाश’, ‘परंपरेशी संवाद’. बाहेर आल्यावर मैत्रिणीने विचारलं, गंगा कुठून खाली येते गं चित्रात? मला सांगता येईना. इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

तेव्हापासून आधी वस्तू पाहते, मग निबंध वाचते आणि पुन्हा वस्तूकडे जाते. कवितेचंही तसंच, आधी ती दोनदा मोठ्याने वाचायची. असं केलं की निबंधकाराशी भांडता येतं. ‘इथे तू चुकतोस, बाबा, हा रंग तसा नाहीच,’ असं समासात पेन्सिलीने लिहिण्यात जी मजा आहे ती नुसत्या मान डोलावण्यात नाही. (पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर वहीत लिही. आमच्या वेळी दंड पडायचा.)

अवघड शब्दांना भिऊ नकोस, पण त्यांना शरणही जाऊ नकोस. एखादा परिच्छेद तुझ्या आजीला आपल्या बडोदी मराठीत सांगून बघ. तिने ‘मग?’ असं विचारलं तर त्यात धान्य आहे.

पुढच्या रविवारी सकाळी कीर्तिमंदिराशी ये, रिकाम्या हाताने. तू पाठवलेला तो निबंध माझ्या पिशवीत असेल. चारही भिंती बघून झाल्यावर सेव-उसळ खाता खाता तो काढू.

तुझी,
बाई