टीव्ही ट्यूनर कार्ड: ड्रायव्हर कुठला, सॉफ्टवेअर कुठलं? वाचकांचे प्रश्न

संगणकावर टीव्ही दाखवणारी टीव्ही ट्यूनर कार्डं दुकानांतून जवळपास गेली, पण जुन्या संगणकांत ती अजून बसलेली आहेत. शिवाय आता त्यांना वेगळंच काम मिळालंय, लग्नाच्या नि बारशाच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्याचं. बहुतेक प्रश्न त्यातूनच आलेले आहेत.

प्रश्न (सांगली): विंडोज ७ काढून विंडोज १० टाकलं. तेव्हापासून कार्ड ‘मल्टिमीडिया व्हिडिओ कंट्रोलर’ अशा नावानं, पिवळ्या खुणेसह दिसतं. सीडी हरवली आहे. खोक्यावर नुसतं ‘इंटर्नल टीव्ही ट्यूनर विथ एफएम’ लिहिलंय. ड्रायव्हर कोणता शोधू?

खोकं बाजूला ठेवा, त्यावरच्या नावाचा इथे उपयोग नाही. एकाच नावाखाली वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या चिपची कार्डं विकली गेली. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम, जुळावा लागतो तो चिपशी, आणि चिपभोवती कार्ड कसं जोडलंय त्याच्याशी.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या खुणेच्या नोंदीवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डीटेल्स, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. सर्वांत वरची, सर्वांत लांब ओळ कागदावर उतरवून घ्या. त्यात ‘व्हेन’च्या पुढची चार अक्षरं चिप बनवणारी कंपनी सांगतात, ‘डेव्ह’च्या पुढची चार चिपचा नमुना, आणि ‘सबसिस’च्या पुढची आठ अक्षरं कार्डाची ओळख. १०९ई आणि ०३६ई दिसलं तर चिप बीटी८७८. १४एफ१ आणि ८८०० म्हणजे कोनेक्झँटची सीएक्स२३८८ मालिका. ११३१ आणि त्यापुढे ७१३०, ७१३३ किंवा ७१३४ म्हणजे फिलिप्सची एसएए७१३ मालिका. सबसिसची शेवटची चार अक्षरं कार्डाच्या कंपनीची असतात: ००७० हॉपॉग, १४६१ ॲव्हरमीडिया, ११बीडी पिनॅकल, १८५बी कॉम्प्रो, १०७डी लीडटेक. तिथे नुसती शून्यं किंवा चिपचाच क्रमांक दिसला, तर कार्ड बिननावाचं आहे. अशा वेळी त्याच चिपचा सर्वसाधारण ड्रायव्हर शोधायचा.

बीटी८७८च्या कार्डावर विंडोजला दोन उपकरणं दिसतात, एक चित्राचं आणि एक आवाजाचं. दोन्हींना ड्रायव्हर लागतो. पहिल्याची पिवळी खूण गेली म्हणून थांबलात, तर पुढे आवाजासाठी अडाल. फिलिप्सच्या चिपला मात्र एकच नोंद असते.

ड्रायव्हर उतरवून घेतल्यावर लगेच सेटअप चालवू नका. उतरवलेली फाइल एखाद्या फोल्डरमध्ये अनझिप करा आणि त्यातली ‘इन्फ’ प्रकारची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तुमचा व्हेन-डेव्ह क्रमांक तिच्यात आहे का, हे शोधा. नसेल तर तो ड्रायव्हर तुमचा नाही, मग नाव कितीही जुळो. दुसरी तपासणी: विंडोज ६४ बिटचं असेल तर त्याच फाइलमध्ये ‘एनटीएएमडी६४’ हा शब्द हवा. प्रोसेसर इंटेलचा असला तरी शब्द हाच असतो. तो नसेल तर ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे आणि काही केल्या बसणार नाही. सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात, कारण ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालवण्याची कोणतीही युक्ती नाही.

दोन्ही तपासण्या जमल्या तर ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, आणि तो फोल्डर दाखवा. ‘ही विंडोजची आवृत्ती चालत नाही’ असं बऱ्याचदा फक्त सेटअप म्हणतो, आतला ड्रायव्हर मात्र बसतो. विंडोज ७ साठीचा ६४ बिट ड्रायव्हर विंडोज १० वर पुष्कळदा चालतो. कोनेक्झँट आणि फिलिप्सच्या चिपसाठी अनेक कंपन्यांनी व्हिस्टा आणि ७ च्या काळात असे ड्रायव्हर दिले होते. बीटी८७८चे ड्रायव्हर मुख्यतः ९८, २००० आणि एक्सपीच्या काळातले आहेत. ते कार्ड असेल तर लिनक्सचा प्रश्न खाली वाचा.

क्रम कायम असा ठेवा: आधी ड्रायव्हर, मग संगणक पुन्हा सुरू, आणि त्यानंतर टीव्ही पाहण्याचं सॉफ्टवेअर.

प्रश्न (बार्शी): आमचा ट्यूनर मॉनिटर आणि सीपीयूच्या मध्ये जोडलेला डबा आहे. सीपीयू बंद असला तरी टीव्ही लागतो. त्याला कोणता ड्रायव्हर?

कोणताही नाही. तो डबा चित्र थेट मॉनिटरच्या व्हीजीए केबलमध्ये सोडतो, संगणकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच त्यावरून रेकॉर्डिंगही करता येत नाही. त्याचा ड्रायव्हर म्हणून कुणी काही डाउनलोड करायला सांगत असेल तर करू नका.

प्रश्न (ठाणे): विंडोज ११ वर योग्य ड्रायव्हर टाकला, इन्फमधला क्रमांकही जुळतो. तरी ‘कोड ५२’ येतो. दुसऱ्या संगणकावर ‘या उपकरणाचा ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही’ असा संदेश येतो.

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही. खात्री करण्यासाठी शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेनं जाऊन पुन्हा रीस्टार्ट, आणि यादी आली की ७ दाबा. त्या खेपेपुरती सहीची तपासणी बंद राहते. कार्ड चालू झालं तर दोष फक्त सहीचा, हे नक्की. पुढच्या वेळी संगणक सुरू केला की तपासणी परत येते. अधूनमधून एखादी कॅसेट उतरवण्यापुरता हा उपाय पुरतो. चाचणी-सहीची अवस्था कायम चालू ठेवण्याचा मार्गही आहे, पण ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात तिथे तो नको.

दुसरा संदेश बहुधा ‘मेमरी इंटिग्रिटी’मुळे, म्हणजे न जुळणारे ड्रायव्हर अडवणाऱ्या विंडोजच्या सोयीमुळे येतो. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन डीटेल्स उघडा. अडवलेल्या ड्रायव्हरची नावं तिथेच दिसतात. ती सोय बंद केली की जुना ड्रायव्हर लोड होतो, पण त्याबरोबर संगणकाचं एक संरक्षणही जातं. आमचं मत विचाराल तर रोजच्या संगणकावर हे करू नये. एखादा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त या कामाला ठेवावा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे असे मोकळे झालेले संगणक आता बरेच मिळतात.

आणखी एक कारण ध्यानात असू द्या. जुनं पीसीआय कार्ड ४ जीबीच्या वरच्या मेमरीपर्यंत पोहोचत नाही, आणि काही जुन्या ड्रायव्हरमध्ये ही अडचण सांभाळून घेतलेली नसते. ड्रायव्हर नीट बसतो, पण चित्र लावताच संगणक निळा पडतो किंवा पडदा काळाच राहतो. असं होत असेल तर रॅम ४ जीबीच्या खाली आणून एकदा पाहा.

प्रश्न (पुणे): ड्रायव्हर अपडेट केला, स्कॅन पूर्ण होतो, पण चॅनेल शून्य. आधी ८०-९० लागायचे.

दोष ड्रायव्हरचा नाही. ही कार्डं ॲनालॉग केबलसाठी बनली होती. मुंबईत ॲनालॉग केबल बंद करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, पुण्यासारख्या शहरांत ३१ मार्च २०१३, आणि देशातल्या शेवटच्या टप्प्यात ३१ मार्च २०१७. आता भिंतीतून येणाऱ्या केबलमध्ये डिजिटल आणि कुलूपबंद संकेत असतो, तो उलगडतो सेट-टॉप बॉक्स. तेव्हा बॉक्सचं पिवळं एव्ही आउटपुट कार्डाच्या पिवळ्या ‘व्हिडिओ इन’मध्ये द्या आणि सॉफ्टवेअरमध्ये सोर्स ‘टीव्ही’ऐवजी ‘कॉम्पोझिट’ करा. चॅनेल बॉक्सच्या रिमोटनं बदलायचे.

बॉक्सला तीन रंगी भोकांऐवजी एकच बारीक ३.५ मिमीचं भोक असेल तर त्याच कंपनीची वायर वापरा. त्या पिनवर चित्र नि आवाजाचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. चित्राऐवजी नुसती घरघर येत असेल तर पिवळ्याच्या जागी लाल प्लग लावून पाहा, कधी कधी एवढ्यानंच काम होतं.

चित्र काळं-पांढरं येत असेल किंवा वरखाली सरकत असेल तर प्रसारण पद्धत ‘एनटीएससी’ झालेली आहे. भारतात ‘पाल बी/जी’ लागते. नवं सॉफ्टवेअर टाकलं की ही निवड पुष्कळदा आपोआप बदललेली असते.

प्रश्न (रत्नागिरी): चित्र उत्तम, आवाज अजिबात नाही.

फिलिप्सची ७१३० चिप असेल तर ती आवाज पीसीआयमधून पाठवतच नाही. कार्डाच्या ‘ऑडिओ आउट’मधून ३.५ मिमीची छोटी वायर संगणकाच्या निळ्या लाइन-इनमध्ये द्यावी लागते. मग साउंड सेटिंग्जच्या रेकॉर्डिंग भागात लाइन-इन, प्रॉपर्टीज, लिसन, आणि ‘लिसन टू धिस डिव्हाइस’वर खूण करा. एक्सपीत लाइन-इन थेट स्पीकरवर ऐकू यायचं. नंतरच्या विंडोजमध्ये पुष्कळदा ही खूण केल्याशिवाय येत नाही, आणि लोकांना वाटतं ड्रायव्हर बिघडला.

विंडोज १० आणि ११ मध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोन आणि कॅमेरा यांची परवानगी डेस्कटॉप ॲप्सना दिलेली आहे का, तेही बघा. विंडोजच्या दृष्टीनं ट्यूनर हा कॅमेरा आणि लाइन-इन हा मायक्रोफोनच असतो.

प्रश्न (नागपूर): लग्नाच्या कॅसेटी उतरवायच्या आहेत. बाजारातून ईझीकॅप प्रकारची यूएसबी कांडी आणली. तिच्यासोबतची छोटी सीडी लावायला ड्राइव्ह नाही, आणि डाउनलोड केलेला ड्रायव्हर कांडी ओळखत नाही. शिवाय सॉफ्टवेअर कोणतं, सेटिंग काय?

बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या या कांड्यांत निदान चार वेगळ्या चिप येतात. पद्धत वरचीच: हार्डवेअर आयडीत ‘व्हिड’ पाहा. ०५ई१ असेल तर सिंटेक, ईबी१ए म्हणजे एम्पिया, १बी७१ म्हणजे फुशिकाई, १सी८८ म्हणजे सोमॅजिक. एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. तुमचं नेमकं हेच झालं असावं.

सॉफ्टवेअरमध्ये सोपा मार्ग ओबीएस स्टुडिओचा. सोर्स म्हणून ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ घ्या, रिझोल्यूशन कस्टम करून ७२० गुणिले ५७६, पद्धत पाल. कॅनव्हास ७६८ गुणिले ५७६ ठेवा आणि सोर्स त्यावर पूर्ण ताणून बसवा, म्हणजे ४:३चं प्रमाण बरोबर येतं आणि माणसं बाजूंनी दबलेली दिसत नाहीत. फ्रेम रेट ५०. सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये ‘याडिफ २एक्स’ निवडा. पाल चित्रात सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम म्हणजे दोन अर्धी चित्रं. ती वेगळी केली नाहीत तर वरातीत नाचणाऱ्यांच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात.

दर्जा जपायचा असेल तर व्हर्च्युअलडब वापरा आणि आधी चित्र जसंच्या तसं, डीइंटरलेस न करता साठवा. वायुय२ या न दाबलेल्या स्वरूपात सेकंदाला सुमारे २०.७ एमबी होतात, म्हणजे तासाला साधारण ७५ जीबी. हफवायुव्ही किंवा लॅगरिथ हा दर्जा न घालवणारा कोडेक लावला तर जागा निम्म्याच्या आसपास येते. डिस्क एनटीएफएस हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बनत नाही, आणि ती मर्यादा मंगलाष्टकं संपण्याआधीच गाठली जाते. नंतर हँडब्रेकमध्ये एच२६४, गुणवत्ता १८ ते २०, असं रूपांतर करा.

तासाभरानं ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटतो. चित्र कांडीच्या घड्याळावर आणि आवाज साउंड कार्डाच्या घड्याळावर चालतो, म्हणून हे होतं. व्हर्च्युअलडबच्या कॅप्चर मेन्यूत टायमिंगखाली आवाज चित्राशी जुळवण्याचा पर्याय निवडा, आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. कांडी थेट मागच्या यूएसबी पोर्टला लावा, हबला नको. चित्राच्या तळाशी काही ओळी फाटल्यासारख्या दिसतील. व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाताना त्या खुणा उमटतात, कॅसेट खराब नाही. शेवटी त्या कापून टाका.

कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच कॅप्चर सुरू करा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसत असतील तर व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटीलाही लागेल.

प्रश्न (कोल्हापूर): ‘तुमचे १४ ड्रायव्हर जुने आहेत’ असं सांगणाऱ्या प्रोग्रामनं ट्यूनरचा ड्रायव्हर बदलला. आता चित्र हिरवं येतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. बटण फिकट असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करा आणि जुना पुन्हा बसवा. तो प्रोग्राम काढून टाका. ट्यूनरला नव्या तारखेचा ड्रायव्हर नको, जुळणारा हवा, मग तो २००९ चा का असेना.

प्रश्न (मडगाव): बीटी८७८ कार्ड आहे, ६४ बिट ड्रायव्हर मिळत नाही. लिनक्सवर चालेल का?

चालेल, आणि बरं चालेल. बीटीटीव्ही, सीएक्स८८, एसएए७१३४ हे ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच येतात, ६४ बिटसह. वरच्या कांड्यांपैकी सिंटेक, एम्पिया आणि फुशिकाईचेही येतात.

कार्ड बिननावाचं असेल तर कर्नल ते ‘अननोन’ म्हणून नोंदवतो. तेव्हा मॉड्यूलला, म्हणजे कर्नलमधल्या त्या ड्रायव्हरला, ‘कार्ड’ आणि ‘ट्यूनर’ हे दोन आकडे द्यावे लागतात, आणि त्यांची यादी कर्नलच्या दस्तऐवजांत असते. पिक्सेलव्ह्यू प्लेटीव्ही प्रो असेल तर बीटीटीव्हीत कार्ड ३७. भारतात विकलेल्या बऱ्याच कार्डांवर पत्र्याच्या डबीतला फिलिप्सचा पाल बी/जी ट्यूनर असतो, त्याचा आकडा ५. डबीवर चिकटवलेल्या कागदावर एफआय१२१६ असं दिसलं तर हाच. फक्त एव्ही इनपुट वापरायचं असेल तर ट्यूनरचा आकडा चुकला तरी अडत नाही, पण कार्डाचा चुकला तर पिवळ्या भोकातलं चित्र ‘एस-व्हिडिओ’ नावाखाली सापडतं किंवा सापडतच नाही. सगळी इनपुटं एकेक करून पाहा, मगच आकडा बदला.

कार्ड बसवताना मात्र मदरबोर्ड नीट बघा. जुन्या पीसीआयची लांब खाच नव्या बोर्डांवर बहुधा नसते, आणि पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या खाचेत हे कार्ड जात नाही.