झेन हायपरव्हायझर (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) बूट होताना मध्येच अडकतो, साधं लिनक्स मात्र नीट सुरू होतं. काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की ग्रबमधून, म्हणजे बूटच्या वेळी काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या मेनूतून, साधं लिनक्स निवडलं तर मशीन सरळ वर येतं, झेनची नोंद निवडली की "झेन इज रिलिंक्विशिंग व्हीजीए कन्सोल" या ओळीवर स्क्रीन गोठते, आणि झेन काढून परत टाकूनही फरक पडला नाही. आता आणखी एकदा टाकू नका. झेनचं इन्स्टॉलेशनच गंडलेलं असतं तर मशीन या ओळीपर्यंत सहसा पोचलंच नसतं.

मुळात ती ओळ एररची नाही. झेन आधी चढतो, प्रोसेसर, मेमरी आणि आयओएमएमयू (उपकरणांना मेमरीचा कुठला भाग वापरू द्यायचा ते ठरवणारं हार्डवेअर) ताब्यात घेतो, मग डॉम-झिरो, म्हणजे सगळे अधिकार असलेलं पहिलं लिनक्स, उभं करतो आणि स्क्रीन त्याच्या हवाली करतो. पुढचं बोलायचं काम डॉम-झिरोच्या कर्नलचं. तो गप्प असेल तर एक तर उठलाच नाही, नाहीतर उठून कोलमडला, किंवा मजेत चालू आहे आणि फक्त दिसत नाही. तिन्ही वेळा स्क्रीन सारखीच दिसते, म्हणून लोक तासन्‌तास भलतीकडेच शोधत बसतात.

तिसरी शक्यता आधी निकालात काढा, कारण ती फुकटात कळते. दोन-तीन मिनिटं थांबून दुसऱ्या मशीनवरून पिंग करा. नम-लॉक दाबून दिवा बदलतो का बघा. बदलला तर कर्नल जिवंत आहे. अशा वेळी दोष बहुतेकदा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो आणि कर्नलला "नोमोडसेट" दिलं की काम भागतं.

पिंग नाही, दिवाही हलत नाही, तर ग्रबच्या मेनूत झेनच्या नोंदीवर "ई" दाबा. इथे नीट बघा, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. "मल्टिबूट२" ने सुरू होणारी ओळ झेनची. तिच्या खालची पहिली "मॉड्यूल२" ओळ डॉम-झिरोच्या कर्नलची, आणि त्यापुढची इनिट-रॅमडिस्कची, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणाऱ्या तात्पुरत्या फाइल सिस्टमची. झेनचा पर्याय कर्नलच्या ओळीवर टाकला तर कोणी तक्रार करत नाही, परिणामही होत नाही, आणि तुम्ही समजता की हा उपाय करून झाला.

झेनच्या ओळीच्या शेवटी "व्हीजीए=कीप नोरीबूट लॉगएलव्हीएल=ऑल" जोडा. कर्नलच्या ओळीवर "अर्लीप्रिंटके=झेन कन्सोल=एचव्हीसी०" जोडा आणि "क्वाएट" असेल तर काढा. मग कंट्रोल-एक्स दाबून बूट करा. आता झेन स्क्रीन सोडणार नाही, कर्नलचे अगदी सुरुवातीचे संदेशही झेनमार्फत दिसतील, आणि पॅनिक झालं, म्हणजे गंभीर चुकीमुळे सगळं थांबलं, तर मशीन परत सुरू न होता मजकूर समोर राहील. पुढे ग्राफिक्स ड्रायव्हर जागा झाला की दोघं एकमेकांच्या अंगावर लिहितात आणि स्क्रीनचा चिवडा होतो. तो नवा बिघाड समजू नका.

सिरियल पोर्ट असेल तर मी स्क्रीनच्या नादी लागतच नाही. झेनला "कॉम१=११५२००,८एन१ कन्सोल=कॉम१,व्हीजीए" द्या आणि दुसऱ्या मशीनवर सगळा लॉग फाइलमध्ये साठवा. सर्व्हरवर आयपीएमआय (दुरून मशीन सांभाळायची सोय) असेल तर सिरियल-ओव्हर-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून सिरियल पोर्ट, चालतं, पण ते बऱ्याच बोर्डांवर कॉम२ वर असतं, आणि वेग बायोसमध्ये जो असेल तोच द्यावा लागतो.

सिरियलचा खरा फायदा पुढे आहे. मशीन अडकलेलं असताना कंट्रोल-ए तीनदा दाबलं की कीबोर्ड डॉम-झिरोकडून झेनकडे जातो. "एच" दाबल्यावर कळांची यादी येते. "०" दाबलं की डॉम-झिरोचे रजिस्टर छापले जातात. ते थोड्या-थोड्या अंतराने काही वेळा छापून आरआयपीचा (प्रोसेसर कोडमध्ये आत्ता कुठे आहे तो पत्ता) आकडा बघा: बदलत असेल तर कर्नल काहीतरी करतोय किंवा कशाची तरी वाट बघत फिरतोय, दरवेळी तोच असेल तर तो बहुधा तिथेच रुतलाय. आणि तीनदा कंट्रोल-ए दाबूनही झेन ओ देत नसेल, तर हायपरव्हायझरच अडकलाय. तेव्हा झेनच्या ओळीवर "वॉचडॉग" हा पर्याय द्या, म्हणजे मुकं अडकण्याऐवजी स्टॅक ट्रेससकट (कुठल्या फंक्शनमधून कुठे पोचला त्याची यादी) पॅनिक मिळण्याची शक्यता वाढते.

आता कारणं. साधं लिनक्स चालतं आणि झेन नाही, म्हटल्यावर माझा पहिला संशय आयओएमएमयूवर. बायोसने दिलेली कोष्टकं चुकीची असली की झेन तिथे ठेचकाळतो. झेनच्या ओळीवर "आयओएमएमयू=०" देऊन बघा. सुरू झालं तर बायोस अद्ययावत करा; तो पर्याय कायमचा ठेवलात तर व्हर्च्युअल मशीनला पीसीआय कार्ड सुरक्षितपणे थेट देणं विसरावं लागेल. इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स असेल तर आधी "आयओएमएमयू=नो-आयजीएफएक्स" पुरतं का बघा, कारण त्यात बाकीची सोय शाबूत राहते. त्यानंतर "एक्स२एपिक=०" देऊन इंटरप्ट हाताळायची ती पद्धत बंद करून बघा, तेही झेनच्याच ओळीवर. एका वेळी एकच पर्याय बदला.

दुसरा संशय मेमरीवर. झेनच्या ओळीवर "डॉम०_मेम=४०९६एम,मॅक्स:४०९६एम" असं डॉम-झिरोची मेमरी ठरवून द्या. कोणीतरी तिथे आधीच फार तोकडा आकडा लिहून ठेवलेला असतो, आणि मग कर्नल इनिट-रॅमडिस्क उघडतानाच गुदमरतो.

कर्नलचे संदेश येऊन रूट डिस्क सापडत नाही म्हणून थांबलं, किंवा सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" म्हणत बसलं, तर झेनला मोकळं सोडा. ते नेहमीचं लिनक्सचं दुखणं आहे.

मशीन दूर कुठे असेल तर हे सगळं करण्याआधी ग्रबचा डीफॉल्ट "सेव्ह्ड" करा, सेव्ह केलेली नोंद साध्या लिनक्सची ठेवा आणि "ग्रब-रीबूट" ने झेनची नोंद फक्त पुढच्या एका बूटपुरती निवडा. पर्यायही मग ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये लिहावे लागतील, कारण "ई" दाबायला समोर कोणी नसेल. झेन अडकला तरी वीज बंद-चालू केली की मशीन साध्या लिनक्समध्ये परत येतं.