पवित्र भूमीत डोळ्यांत पाणी आलं नाही, म्हणून पाचारण खोटं?

सेमिनरीतले, म्हणजे कॅथलिक फादर होण्यासाठी शिकणारे, विद्यार्थी पवित्र भूमीच्या अभ्याससहलीहून परतले की ही काळजी घेऊन कुणी ना कुणी येतंच: जेरुसलेमला गेलो, प्रभूच्या कबरीशी गुडघे टेकले, आणि आत काहीच हललं नाही, मग मला पाचारण, म्हणजे फादर होण्यासाठी देवाची हाक, आहे तरी का? अशाच एका तरुणाची ही हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून. घर सावंतवाडीकडचं, मराठी बोलणारं. शिक्षण गोव्यात, थिऑलॉजीचं दुसरं वर्ष. परतल्यापासून गप्प. आई फोनवर रोज तेच विचारायची, "तिथं रडू आलं का रे?"

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत पाचारणाचा विषय काढलाच नाही. आधी कागदावर सहलीचा एकेक दिवस मांडला: झोप किती तास, जेवण कधी, हातात काय, प्रार्थना कुठल्या भाषेत. प्रश्न साधे, पण उत्तरं बोलकी निघतात. रात्रीचं विमान, वाटेत बदल, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास मागे. पहाटे उठून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), दिवसाला चार-पाच स्थळं. झोप सरासरी पाच तास.

"ब्रदर, कबरीच्या रांगेत हातात काय होतं?"

"मोबाईल. ग्रुपचे फोटो माझ्याकडे होते."

खिशात वाड्यावरच्या लोकांनी दिलेल्या विनंत्यांच्या चिठ्ठ्या, पिशवीत कबरीच्या दगडाला टेकवून आणायच्या रोझरी, म्हणजे जपमाळा. म्हणजे हा तिथे भाविक कमी आणि कुरिअरवाला जास्त होता. प्रार्थना सगळी इंग्रजीत, क्वचित लॅटिनमध्ये. लहानपणी आजीकडून शिकलेली मराठी प्रार्थना अख्ख्या सहलीत एकदाही म्हटली गेली नव्हती.

शिवाय ती जागा कशी आहे हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. मनात शांत बाग असते. प्रत्यक्षात कबरीवर चर्च आहे आणि त्या एका छपराखाली सहा ख्रिस्ती पंथ नांदतात. कुणी कुठे, किती वाजता प्रार्थना करायची हे १८५२ च्या ऑटोमन (तुर्की) सुलतानाच्या फर्मानाने कायम केलेल्या रिवाजाप्रमाणे चालतं, आणि दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम घराण्यांकडे आहे. कबरीच्या आतल्या खोलीत चार-पाच माणसं जेमतेम मावतात. बाहेर उभा असलेला साधू लगेच पुढे व्हायला सांगतो. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला तासन्‌तास रांग लावून आत गेलेल्याच्या वाट्याला जेवढे क्षण येतात, साधारण तेवढेच. तिथे गहिवर आला तर उत्तम. नाही आला तर त्यात नवल काही नाही.

दुसरा धक्का अभ्यासाचा होता. रोमन सुभेदार पिलाताने जिथे येशूचा न्याय केला ती म्हणून दाखवली जाणारी फरसबंदी रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातली, म्हणजे दुसऱ्या शतकातली, असं शिक्षकांनी तिथेच सांगितलं. पुनरुत्थित येशू दोन शिष्यांना भेटला ते एम्माऊस म्हणून तर एकाहून अधिक गावं दाखवतात. याला वाटलं, सगळंच बनावट. इथे समुपदेशकाने "श्रद्धा ठेव" म्हणून वेळ मारून नेऊ नये. प्रत्येक स्थळाचा पुरावा वेगळा तोलायचा असतो. कबरीची जागा तेव्हाच्या तटाबाहेर होती, तिथे दगडाची जुनी खाण होती, जवळ त्या काळच्या कबरी आहेत, आणि चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने तिथे चर्च उभारलं. म्हणजे तिचा दावा त्या फरसबंदीपेक्षा कितीतरी भक्कम. हे सगळं कागदावर दोन रकान्यांत मांडल्यावर त्याचा राग बराच निवळला.

नैराश्य आहे का, हे मात्र तपासावंच लागतं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल किंवा कशातच रस नसेल, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, स्वतःला नालायक समजणं किंवा मरणाचे विचार असतील, तर बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. हा तरुण फुटबॉल आवडीने खेळत होता, जेवत होता, पेपर नीट लिहीत होता. कोरडं पडलं होतं ते फक्त प्रार्थनेत.

विचारायला तो कचरत होता असा प्रश्न म्हणजे, हे सेमिनरीच्या प्रमुखांना, रेक्टरना, कळेल का? विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय समुपदेशकाने काहीही कळवायचं नसतं. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. आध्यात्मिक मार्गदर्शकाचं आणि कबुली ऐकणाऱ्याचं मत तर दीक्षेच्या किंवा काढून टाकण्याच्या निर्णयात विचारताच येत नाही. चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन २४०, तसं सांगतं. हे पहिल्याच भेटीत सांगून टाकावं, नाहीतर चार भेटी वरवरच्या गप्पांत जातात.

तीन आठवड्यांसाठी ठरलं ते थोडकंच. झोप ठरल्या वेळी, सात तास. रोज पंधरा मिनिटं शुभवर्तमानाचा एकच उतारा, पाहून आलेल्या जागेचा, मराठीतून. गालील सरोवराकाठच्या ताब्गाचा किनारा डोळ्यांपुढे आणून योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय, वहीत दोन ओळी, भावना आली की नाही याची नोंद नाही. चिठ्ठ्या एका मिस्सेत अर्पण करून विषय संपवायचा. गावच्या चर्चमधलं भाषण दहा मिनिटांचं, पाच फोटो, जे पाहिलं तेवढंच. आईलाही सांगितलं की "काय वाटलं" ऐवजी "काय पाहिलंस" विचारा. पुढच्याच फोनवर तो बेथलेहेमच्या बुटक्या दारातून वाकून कसं जावं लागतं ते सांगत बसला.

आणि या काळात कुठलाही निर्णय नाही. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२३ मध्ये जेरुसलेमला पोचले ते तिथेच राहायच्या इराद्याने. तिथली पवित्र स्थळं सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाच्या वरिष्ठांनी त्यांना परत पाठवलं. कोरडेपणाच्या काळात आधीचा निश्चय बदलू नये, हा नियम पुढे त्यांनीच घालून दिला.

चौथ्या भेटीत खरं बाहेर आलं. ब्रह्मचर्य जमेल का ही शंका सहलीच्या वर्षभर आधीपासून होती, आणि कबरीपाशी देवाने खूण द्यावी असं त्याने मनोमन ठरवलं होतं. सहलीला परीक्षा बनवलं की असं होतं. ब्रह्मचर्याची जबाबदारी डिकनपदाच्या, म्हणजे फादर होण्याआधीच्या दीक्षेच्या, वेळी स्वीकारायची असते, आणि त्याला अजून अवकाश होता. त्याआधी पॅरिशमध्ये, म्हणजे एखाद्या गावच्या चर्चमध्ये, राहून काम करण्यासाठी एक वर्ष मागता येतं. अर्ज करायचा की नाही हे त्याने मार्गदर्शक फादरांशी बोलून ठरवायचं आहे. पुढच्या भेटी आता त्या शंकेवर आहेत, जेरुसलेमवर नाहीत.