वकार पाच, खिळे चार

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत सुभाषितांचं एक फाटकं पुस्तक सापडलं. त्यात ‘पाच वकार’, ‘पाच जकार’, ‘चार गकार’ असं ठायी ठायी येतं. एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द असे ओवून ठेवायची जुन्या लोकांची ही नुसती हौस होती, की त्याला काही कारण होतं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : हौस होतीच हो, पण त्याआधी गरज होती. पुस्तक घरोघरी नव्हतं, जे काही होतं ते तोंडात. माझी आजी निपाणीची, तिला अक्षरओळख नव्हती. पण ‘जननी जन्मभूमिश्च जाह्नवी च जनार्दनः। जनकः पञ्चमश्चैव जकाराः पञ्च दुर्लभाः॥’ हे ती बोटं मिटत मिटत म्हणून घ्यायची. आई, जन्मभूमी, गंगा, देव आणि बाप. मी दर वेळी जाह्नवी विसरायचो. आमची नदी वेदगंगा, जाह्नवी कुणी बघितलीय? आजी चिडायची नाही. मूठ पुढं करून म्हणायची, “एक बोट उघडं राहिलं बघ.” मग ‘ज’ धरून शोधाशोध सुरू. संख्या सांगते की काहीतरी गळलंय, अक्षर सांगतं कुठं हुडकायचं ते. गीता, गंगा, गायत्री, गोविंद या चार गकारांचंही तेच.

वकारांशी माझी गाठ पडली ती छापखान्यात. बेळगावात शहापूरला मी बरीच वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. आषाढीच्या एका स्मरणिकेत पानाच्या तळाशी हा श्लोक टाकायचा होता :

विद्यया वपुषा वाचा वस्त्रेण विभवेन च।
वकारैः पञ्चभिर्युक्तो नरः प्राप्नोति गौरवम्॥

विद्या, शरीर, वाणी, वस्त्र, वैभव हे पाच ‘व’ असले की माणसाला मान मिळतो, असा अर्थ. पण त्या पानावर विठ्ठल, वारी, वैष्णव, वैकुंठ यांनी ‘व’चा खण आधीच उपसला होता. उरले चार खिळे. ते विद्येपासून वस्त्रापर्यंत पुरले. पुढं जिथं जिथं ‘व’ हवा तिथं दुसरा कुठला तरी तेवढ्याच जाडीचा खिळा उलटा खोचून ठेवला. अशी रीतच होती. एखादं छापून झालेलं पान सोडलं, म्हणजे त्याचे खिळे सुटे केले, की त्यातले ‘व’ आणून भरायचे. मी भरले, पण एक राहिला. उलट्या खिळ्याचं बूड कागदावर काळा चौकोन होऊन उमटलं, नेमका ‘विभवेन’च्या सुरुवातीला. स्मरणिकावाले म्हणाले, “आमच्या वैभवाला काळं फासलंत की!” मजुरीतून कापून घेतले ते वेगळंच.

पुढं एक निवृत्त मास्तर ते पान घेऊन मुद्दाम आले. म्हणाले, “चूक केलीस, पण बरोबर जागी केलीस.” काही पुस्तकांत तिथं ‘विभवेन’ नाही, ‘विनयेन’ आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली खरी गोम इथंच आहे. अक्षर राखण करतं ते मोजणीची, शब्दाची नाही. पाचवा वकार पाहिजे एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं; मग कुणी तिथं पैसा बसवला, कुणी नम्रपणा. दोन्ही वृत्तात बसतात, दोन्हीला ‘व’ आहे, कान तक्रार करत नाही. तुमच्या आजोबांच्या पुस्तकात कुठला पाठ आहे ते बघून जरूर कळवा.

आमच्या शेजारी कन्नड खिळ्यांच्या पेटीवर, म्हणजे केसवर, एक अण्णा उभे असायचे. ते म्हणायचे, तुमचं पहिलं अक्षर ठीक आहे, आमच्या जुन्या कवितेत प्रत्येक ओळीचं दुसरं अक्षर जुळावं लागतं. नवव्या शतकातल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथातलं त्यांचं आवडतं पद्य ‘कावेरियिंदमा गोदावरिवरमिर्द’ असं सुरू होतं. पुढं एक चरण ‘भाविसिद जनपदं’ असा. का-वे, भा-वि : दोन्हीकडं दुसरं अक्षर ‘व’चं. आणि शेवट बघा, ‘वसुधावलयविलीनविशदविषयविशेषं’. एका दमात सहा शब्द, सहाही ‘व’चे! कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा मुलूख कन्नडचा, असा त्याचा आशय. आमच्याकडं चहाच्या टपरीवर हे पद्य काढलं की चहा निवतो, म्हणून मी फक्त ‘व’ मोजतो. अण्णांचा खणही त्या ओळीला पुरला नसता, हे त्यांनीच कबूल केलं होतं.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या पत्रांवर नावाआधी ‘रा. रा.’ आहे. तेच अक्षर दोनदा कशाला? आणि ‘सा. न. वि. वि.’ मधला दुसरा ‘वि.’ चुकून पडलाय का?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : दोन्ही ठिकाणी शब्द वेगळे आहेत, अक्षर तेवढं एक. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर छापायला आम्ही ‘रा. रा.’ची जोडी बांधूनच ठेवलेली असायची. त्यातला एक ‘रा.’ गळू देऊ नका. एकटा ‘रा.’ म्हणजे ‘राहणार’, आणि मग पाहुण्याचं नाव गावाच्या जागी जाऊन बसतं.