अण्णांसमोर वाकणे

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलेस, "अण्णाआजोबांसमोर तुम्ही सगळे वाकता, त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही, मग राष्ट्राध्यक्षाच्या हाती अमर्याद सत्ता नको, हे तू कोणत्या तोंडाने म्हणतेस?" तेव्हा मी विषय बदलला, पण प्रश्न जिव्हारी लागला आहे.

गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही आठ माणसे राहत होतो आणि पगार एकट्या अण्णांचा होता. काय करायचे ते अण्णा रात्री ठरवत आणि आम्हाला सकाळच्या चहाला कळे. तू वाचते आहेस त्या इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने यादवीत होरपळलेला इंग्लंड पाहून १६५१ मध्ये लिहिले की सर्वांनी आपले अधिकार एकाच्या हाती सोपवावेत, नाहीतर माणसे एकमेकांच्या जिवावर उठतील. त्याचे नाव ऐकण्याआधीच ते मला पटलेले होते, कारण अण्णांच्या घरात मला कधीही भीती वाटली नाही.

बाप घरावर राज्य करतो तसेच राजाने देशावर करावे, हा राजेशाहीचा कैवारी रॉबर्ट फिल्मर याचा युक्तिवाद तत्त्वज्ञ जॉन लॉकने खोडून काढला. आईबापांचा अधिकार मूल अजाण आहे तोवरचा, आणि राज्यकर्त्याचा अधिकार लोकांच्या संमतीचा, असे त्याचे म्हणणे. तुला एवढेच उत्तर लिहिणार होते, पण बेबीमावशी आठवली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा प्रवेशअर्ज तिने भरला आणि चार घड्या करून तांदळाच्या डब्याखाली ठेवला. ती तेव्हा अठरा वर्षांची होती, अजाण नव्हती. अण्णा "नको" म्हणाले, कागद तिथेच पिवळा पडला, आणि आईसकट आमच्यापैकी कुणीही "का?" असे विचारले नाही.

मी सात वर्षांची असताना, २५ जून १९७५ च्या रात्री, राष्ट्रपतींनी पंतप्रधानांच्या सांगण्यावरून आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. म्हणूनच १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय अशी घोषणा करता येणार नाही, असे बंधन घातले. तुझ्या अमेरिकेत १९५२ मध्ये कोरियाचे युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरवले. बेबीमावशीला दाद मागायला असे कोणतेही दार नव्हते.

तरीही मी अण्णांच्या पाया पडते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देऊन बजावले होते की माणूस कितीही थोर असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले की थोरांविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, मात्र कृतज्ञतेला मर्यादा हवी. माझे वाकणे त्या मर्यादेच्या आत आहे असे मी मानते. बेबीमावशीच्या बाबतीत तसे छातीठोकपणे म्हणवत नाही.

डिसेंबरात आपण गिरगावला जाऊ. तू वाकलेच पाहिजेस असा माझा आग्रह नाही, नुसते हात जोडलेस तरी चालेल. बेबीमावशी मात्र दर दिवाळीला अण्णांच्या पायांवर डोके टेकवते. त्या वेळी तिच्या मनात काय असते, हे मी तिला इतक्या वर्षांत विचारलेले नाही. या खेपेला तुझ्यासमोरच विचारीन.

तुझी,
आई