रदबदली करणे : कोणासाठी, कोणाकडे?

'रदबदली करणे म्हणजे आधीचं रद्द करून त्यात बदल करणे का?' असा प्रश्न आला आहे. शब्दाकडे पाहून तसं वाटणं साहजिक आहे. हिंदीत 'रद्दोबदल' म्हणजे फेरफारच. मराठीत मात्र रदबदली म्हणजे दुसऱ्यासाठी वरिष्ठाकडे शब्द टाकणं.

दोन्हींचं मूळ एकच. अरबीतल्या 'रद्द' (परत लावणे, नाकारणे) आणि 'बदल' या शब्दांची जोडी फारसीतून आपल्याकडे आली. फारसीत तिला देवाणघेवाणीचा अर्थ आहे. मला वाटतं, मराठीने त्यातली बोलण्याची देवाणघेवाण उचलली: एकाने नकार द्यावा, दुसऱ्याने पुन्हा गळ घालावी.

या क्रियापदाला तीन माणसं लागतात. 'शेतसारा माफ व्हावा म्हणून पाटलाने रयतेसाठी मामलेदाराकडे रदबदली केली.' अडलेली रयत, निर्णय ज्याच्या हातात तो मामलेदार आणि मधला पाटील. मधल्याच्या हाती सत्ता नसते, पण त्याच्या शब्दाला वजन असतं. म्हणून स्वतःसाठी रदबदली करता येत नाही. स्वतःसाठी करतात ती विनवणी, फार तर गयावया. लहानपणी सहलीची परवानगी हवी असली की मी आजीला मध्ये घालत असे. ती वडिलांना म्हणायची, "जाऊ दे रे पोराला, मी सांगते ना." रदबदली म्हटलं की मला आजही तेच वाक्य ऐकू येतं.

मध्यस्थी वेगळी. मध्यस्थ दोन पक्षांच्या मधोमध उभा राहतो. १७८२ च्या सालबाईच्या तहात पेशवे आणि इंग्रज यांच्यामध्ये महादजी शिंदे होते. ती मध्यस्थी, तिला रदबदली म्हणू नये. समेटासाठी कौरवांच्या सभेत गेलेल्या कृष्णाने पांडवांच्या वतीने केली ती शिष्टाई. तिथे जाणारा एका पक्षाचा दूत असतो आणि मागणं हक्काचं असतं. रदबदलीत हक्क सांगायचा नसतो, सवलत किंवा माफी मागायची असते.

वशिल्याशी तिची गल्लत होते, याचं मला वाईट वाटतं. वशिला 'असतो' किंवा 'लावला जातो', आणि त्यात पात्रता डावलल्याचा वास येतो. रदबदलीला तो डाग नाही. फीसाठी अडलेल्या मुलाला मुदत मिळावी म्हणून बाईंनी मुख्याध्यापकांकडे केलेली रदबदली कोणाला खटकेल?

तेव्हा 'मंत्रिमंडळात रदबदली झाली' असं लिहू नये. तिथे 'फेरबदल' हवा. 'अमक्याला मंत्रिमंडळात घ्यावं म्हणून तमक्याने मुख्यमंत्र्यांकडे रदबदली केली' हे मात्र अगदी बरोबर.