घरच्या लग्नाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलीय, कशाकडे लक्ष देऊ?

मावसबहिणीचं लग्न मे महिन्यात आहे आणि धावपळ करणारे तुम्ही एकटेच, असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होतो. मामेबहिणीचं लग्न साताऱ्यात, मुलाकडची मंडळी जळगावची. मामाची नुकतीच बायपास झालेली, त्यामुळे सगळं माझ्या गळ्यात.

हॉल, फोटो, मेंदी, साड्या यांची काळजी करू नका. त्यात पडायला घरात दहा जण टपलेले असतात. ज्या कामात मिरवता येत नाही ते कुणी घेत नाही, ते तुम्ही घ्या.

आधी आमंत्रणांची यादी. मी एक्सेल उघडून बसलो होतो. आजीने कपाटाच्या तळातून एक लाल वही काढली: 1988 साली झालेल्या मावशीच्या लग्नातली आहेराची वही. कुणी 51 रुपये, कुणी स्टीलचा डबा, कुणी नुसताच नारळ. त्या वहीतून बावीस घरं निघाली, जी आमच्यातल्या एकाच्याही फोनमध्ये नव्हती. तुमच्याकडे अशी वही असेल तर आधी ती शोधा, मग लॅपटॉप उघडा.

आणि पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली म्हणजे आमंत्रण झालं असं समजू नका. आमच्या एका थोरल्या काकांनी पत्रिका पाहिल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, मी निर्धास्त. ते लग्नाला आलेच नाहीत. "अक्षत घेऊन कुणी आलं नाही," एवढंच आईला म्हणाले. लांब असतील त्यांना निदान फोन करा, आणि तो घरातल्या मोठ्या माणसाने करावा. माझ्या फोनला तिथे काही किंमत नव्हती.

सगळ्यात महाग धडा जेवणाचा. आम्ही पाचशे ताटं सांगितली होती, बिल आलं पाचशे नव्वदचं. मोजलं कुणीच नव्हतं, मग भांडणार कशाच्या जोरावर? आता मी सांगतो: एक खमका माणूस फक्त ताटांपाशी बसवा. बाहेर येणारी प्रत्येक चळत मोजायची, धुऊन परत आलेली ताटं वेगळी धरायची आणि दर वेळी केटररच्या माणसाची वहीत सही घ्यायची. लहान मुलं, बँडवाले, फोटोवाले, ड्रायव्हर यांची ताटं कशी धरणार हे सुपारी देतानाच ठरवा. त्या माणसाला आधी जेवायला घाला, नाहीतर तोच उठून पंगतीला जाईल.

त्यात मी एक शहाणपणा केला. जळगावकरांना खूश करायचं म्हणून हळदीच्या दिवशी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ठेवली, आचारी मात्र आपला साताऱ्याचा. बट्टी दगड झाली. मुलाची आत्या हसत म्हणाली, "आधी विचारलं असतं तर आमचाच आचारी आणला असता ना." विचारायला एक फोन पुरला असता.

मुहूर्ताची पिशवी एकाच माणसाच्या खांद्याला असू द्या. अंतरपाट, मंगळसूत्र, जोडवी, सुपाऱ्या, सुटे पैसे, काडेपेटी, सेफ्टी पिना. आमचा अंतरपाट ज्या गाडीच्या डिकीत होता ती गाडी पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेलेली. शेवटी मामाचं उपरणं धरलं. गुरुजी म्हणाले, "चालतंय, धरा."

त्याच गुरुजींची विवाह नोंदणीच्या अर्जावर सही घ्यायची राहिली. तिथीच अशी दाट होती की त्यांना त्या दिवशी आणखी दोन लग्नं होती, सप्तपदी संपली की ते स्कूटरवरून गेले. पुढे महिनाभर मी त्यांच्या मागे. अर्ज आधीच आणून भरून ठेवा, तीन साक्षीदार आधी ठरवा आणि दक्षिणेबरोबरच सही घ्या. 90 दिवसांत नोंदणी करायची असते, पण लग्नानंतर त्यासाठी कुणाला वेळ नसतो.

पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापलं तरी पाकिटं येतातच. वही-पेन घेऊन बसायला आम्ही भाच्याला सांगितलं होतं. त्याने व्यवस्थित लिहिलं, फक्त एका पाकिटावर नावच नव्हतं. आत 501 रुपये. वहीत ती ओळ अजून कोरी आहे. मी आजोळी गेलो की आजी विचारते, "कळलं का रे कुणाचं ते?"